बिस्कॉटीचे वाळवण

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत बिस्कॉटीविषयी इतकी पत्रे आली की, हा अंक त्यांच्यासाठीच राखून ठेवावा लागला. पत्रे नागपुरातील निरनिराळ्या वस्त्यांमधून आलेली असली, तरी त्यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते उत्तरांच्या ओघात स्पष्ट होईल. एकसारखे प्रश्न एकत्र करून खाली दिले आहेत.

प्रश्न : मुलाने पुण्याहून बिस्कॉटीचे पाकीट आणले. खाऊन पाहिले, तर आपल्या बेकरीतील टोस्टचीच आठवण झाली. हे दोन पदार्थ एकच आहेत का? बिस्किट आणि बिस्कॉटी यांचा काही संबंध आहे का? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपली जीभ चुकलेली नाही. लॅटिन भाषेत ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कोक्तुस’ म्हणजे शिजवलेले. या जोडीतूनच इटालियन ‘बिस्कोत्तो’ आणि आपल्या तोंडी रुळलेला ‘बिस्किट’ हे दोन्ही शब्द आले. ‘बिस्कॉटी’ हे त्या इटालियन शब्दाचे अनेकवचन आहे. गंमत अशी की, आज इटलीत बिस्कॉटी म्हटले की कोणतेही बिस्किट चालते. आपण ज्याला बिस्कॉटी म्हणतो, त्या बदाम घातलेल्या तिरप्या कापांना टस्कनी प्रांतात ‘कांतुच्ची’ किंवा ‘कांतुच्चीनी’ म्हणतात. त्या प्रांतातील प्रातो हे गाव त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे अँतोनिओ मात्तेई यांनी १८५८ मध्ये दुकान उघडले, ते आजही चालू आहे, आणि तेथील कृतीत मैदा, साखर, अंडी, बदाम व चिलगोजे एवढेच जिन्नस असतात. लोणी नाही, तेल नाही, बेकिंग पावडरही नाही.

टोस्टशी नाते आहे ते कृतीचे. टोस्टसाठी आधी पाव भाजतात, मग त्याचे काप करून ते पुन्हा भट्टीत सुकवतात. बिस्कॉटीतही हेच घडते, फक्त पिठात यीस्टऐवजी अंडी व साखर असते. दोन्हींचा मूळ हेतू एकच होता, तो म्हणजे धान्याचा पदार्थ प्रवासात आणि जहाजावर टिकावा. चहात बुडवून खाण्याची आपली सवयही त्यामुळे परकी ठरत नाही, कारण टस्कनीत कांतुच्ची ‘विन सांतो’ नावाच्या गोड वाइनमध्ये बुडवूनच खातात.

प्रश्न : मी तीन वेळा बिस्कॉटी केल्या. पहिल्यांदा कापताना सगळ्याचा भुगा झाला. दुसऱ्यांदा काप चांगले पडले, पण वरून तपकिरी आणि आतून चिवट राहिले. तिसऱ्यांदा ओव्हनमधून काढल्या तेव्हा कुरकुरीत होत्या, दुसऱ्या दिवशी मऊ पडल्या. माझ्याकडे छोटा ओटीजी आहे. नेमके कोठे चुकते? (एक वाचक भगिनी, मानेवाडा)

उत्तर : आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेची चूक एकच आहे, आणि ती मीही केलेली आहे. माझ्या पहिल्या खेपेला मी काप १८० अंशांवर पुन्हा ओव्हनमध्ये घातले, कारण ‘दोनदा भाजणे’ याचा अर्थ दोनदा सोनेरी करणे असा मी घेतला होता. बदाम करपून कडू झाले, कडा दगडासारख्या झाल्या आणि सासऱ्यांनी एक शब्दही न बोलता ताटलीशेजारी अडकित्ता आणून ठेवला. त्यानंतर कळले की, पहिल्या वेळी आपण भाजतो आणि दुसऱ्या वेळी वाळवतो. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरड्या आणि पापड घालताना आपण उन्हाकडून जे काम करून घेतो, तेच येथे मंद ओव्हनकडून करून घ्यायचे असते. कुरडई वरून वाळलेली आणि आतून ओली राहिली तर ती डब्यात टिकत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. बिस्कॉटीचेही तसेच आहे. आच जास्त असली की वरचा थर लवकर कडक आणि तपकिरी होतो, आपण ‘झाले’ असे समजून ओव्हन बंद करतो, आतले पाणी मात्र आतच राहते. काही तासांत ते पाणी सगळ्या कापात पसरते आणि कुरकुरीत बिस्कॉटी मऊ पडते. म्हणजे आपल्या बिस्कॉटी हवेमुळे नव्हे, तर पोटातल्या पाण्यामुळे मऊ पडल्या असाव्यात.

प्रमाण असे घ्यावे : मैदा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, सालासकट अख्खे बदाम १२० ग्रॅम, कवच काढून भरतील ती १२० ग्रॅम अंडी, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा आणि चिमूटभर मीठ. अंडी मोजून न घेता तोलून घ्यावीत, असे मी मुद्दाम म्हणते. आपल्याकडील अंडी परदेशी पाककृतींतील अंड्यांपेक्षा बरेचदा लहान असतात आणि ‘दोन अंडी’ वाचून दोनच घातली की पीठ कोरडे राहते. प्रातोच्या कृतीत बेकिंग पावडर नसली, तरी घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ती घालावी. पोत थोडा हलका होतो आणि दातांना त्रास कमी होतो. चिलगोजे फार महाग पडतात. त्यांच्याऐवजी मूठभर चारोळी घालून पाहावी. ती आपल्या विदर्भातील जंगलांतच होते, तिचा तेलकट गोडवा बदामाला साजेसा आहे, आणि इतवारीत ती सहज मिळते. माझ्या मते तर चारोळीची बिस्कॉटी चिलगोज्यांच्या बिस्कॉटीपेक्षा सरस लागते, पण हे मत विदर्भातल्या माणसाचे आहे, हे लक्षात घ्यावे.

अंडी आणि साखर दोन-तीन मिनिटे फेटावी, कोरडे जिन्नस मिसळावे, शेवटी बदाम घालावे. गोळा चिकट होतो; तो चिकटच हवा. हाताला चिकटतो म्हणून मैदा वाढवत गेले की बिस्कॉटी ठिसूळ न होता टणक होते, त्यामुळे मैद्याऐवजी हात पाण्याने ओले करून घ्यावेत. गोळ्याचे दोन भाग करून बेकिंगच्या कागदावर सुमारे २५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच असे दोन लॉग थापावेत. भाजताना ते पसरतात, म्हणून मध्ये चार बोटांचे अंतर ठेवावे. छोट्या ओटीजीत दोन्ही मावत नसतील तर एकामागून एक भाजावेत. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या खणात १७५ अंशांवर २५ ते २८ मिनिटे लागतात. लॉग फिकट सोनेरी झाला, बोटाने दाबल्यावर घट्ट लागला आणि वर बारीक भेगा पडल्या की काढावा.

आता आपल्या पहिल्या खेपेतील भुग्याविषयी. लॉग ओव्हनमधून काढल्याबरोबर कापला तर आतला भाग अजून बसलेला नसतो आणि तो सुरीबरोबर ओढला जातो. पूर्ण गार होईपर्यंत थांबले तर वरचा थर कडक होऊन तडकतो. दहा-बारा मिनिटांनी, हात लावता येईल पण ऊब जाणवेल अशा वेळी कापावा. ब्रेड कापायची दातेरी सुरी घ्यावी. वरच्या कडक थरातून ती करवतीसारखी पुढे-मागे चालवावी आणि थर कापला गेला की एकाच दाबात सरळ खाली न्यावी. मध्ये बदाम आला की सुरी अडते. तेथे जोर न लावता पुन्हा करवत चालवली की बदाम स्वच्छ कापला जातो आणि त्याचा पांढरा अंडाकार काप बाजूला दिसतो. सुरी बदामाला ढकलू लागली तर काप त्या जागी फुटतो. वरचा थर फारच कडक वाटला, तर कापण्याआधी पाच मिनिटे त्यावर ओल्या हाताने पाणी शिंपडावे. काप दीड सेंटिमीटरहून जाड नसावेत.

काप शक्यतो जाळीवर उभे ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळते. आता ओव्हन १४० अंशांवर आणावा आणि २५ ते ३० मिनिटे द्यावी. काप आडवे ठेवले असतील तर निम्म्या वेळाने उलटावेत. रंग फारसा बदलणार नाही आणि बदलूही नये. त्यानंतर ओव्हन बंद करून दार बोटभर उघडे ठेवावे व काप आतच गार होऊ द्यावेत. गरम असताना बिस्कॉटी मधोमध किंचित मऊ लागते, ती गार झाल्यावरच कडक होते, म्हणून गरम असताना निर्णय घेऊ नये.

ज्यांच्याकडे स्वयंपाकघरातील वजनकाटा आहे, त्यांच्यासाठी एक खात्रीचा उपाय आहे. वरील जिन्नसांचे एकूण वजन ६४० ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात अंड्यांमधील सुमारे ९० ग्रॅम आणि मैद्यातील सुमारे ३० ग्रॅम धरून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी असते. ते जवळजवळ सगळे निघून गेले पाहिजे. भांड्याला चिकटलेले आणि कापताना सांडलेले सोडून तयार बिस्कॉटींचे वजन साडेपाचशे ग्रॅमच्या वर भरले, तर वाळवण अपुरे आहे असे समजावे आणि काप आणखी दहा मिनिटे आत ठेवावेत. रंगापेक्षा काट्यावर विश्वास ठेवावा, विशेषतः छोट्या ओटीजीत, कारण तेथे तापलेली कांडी कापांच्या इतकी जवळ असते की रंग फार लवकर येतो. शक्य असल्यास ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक घ्यावा. बटणावरील आकडा आणि आतले खरे तापमान यांत वीस-वीस अंशांचा फरक पडू शकतो.

प्रश्न : आमच्या घरी अंडे चालत नाही. अंड्याशिवाय बिस्कॉटी होते का? मी साजूक तूप घालून केली, तर ती नानकटाईसारखी लागली. (एक वाचक, महाल)

उत्तर : होते, पण ती कांतुच्ची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. अंडे या पदार्थात तीन कामे करते : पीठ भिजवायला पाणी देते, भाजताना गोठून पिठाला बांधून ठेवते आणि पिवळ्या बलकातून थोडी चरबी पुरवते. यांतील पहिले आणि तिसरे काम दुसऱ्या जिन्नसांकडून करून घेता येते, बांधून ठेवण्याचे काम मात्र पूर्णपणे कोणी करत नाही. म्हणून अंड्याशिवायचा लॉग कापताना अधिक नाजूक असतो.

तुपाने नानकटाई का झाली, तेही पाहू. तुपात पाणी नसते. ते मैद्याच्या कणांना वेढून टाकते, त्यामुळे पाणी लागून जो चिवटपणा तयार व्हायचा तो होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. नानकटाईला तेच हवे असते. बिस्कॉटीला खुसखुशीतपणा नको, कडक मोड हवी, काप मोडताना आवाज यायला हवा. म्हणून तुपाऐवजी दही आणि थोडे लोणी घ्यावे. २५० ग्रॅम मैद्याला १३० ग्रॅम साखर, मऊ केलेले ६० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम घट्ट घोटलेले दही, बेकिंग पावडर एक छोटा चमचा आणि खायचा सोडा चिमूटभर असे प्रमाण मला जमले आहे. गोळा होत नसेल तर दूध चमच्या-चमच्याने घालावे. साखर विरघळली की पीठ आपोआप सैल होते, त्यामुळे पाच मिनिटे थांबून मगच दूध वाढवावे.

कापताना घाई करू नये. अंड्याच्या लॉगला दहा मिनिटे पुरतात, याला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत आणि काप थोडे जाड ठेवावेत. दह्यातील आणि लोण्यातील दुधाच्या अंशामुळे रंग लवकर चढतो, म्हणून दुसऱ्या वेळी १३० अंशच ठेवून वेळ वाढवावा. लोणी असल्याने या बिस्कॉटी अंड्याच्या बिस्कॉटींइतक्या टिकत नाहीत. दहा-बारा दिवसांत संपवाव्यात.

प्रश्न : नागपूरचा संत्रा घालून बिस्कॉटी करायची इच्छा आहे. रस घालावा की साल? (दोन पत्रे, एक काटोल रस्त्यावरून आणि एक सीताबर्डीहून)

उत्तर : साल. रस हा मुख्यतः पाणी असतो आणि पाणी घालवण्यासाठीच आपण एवढा खटाटोप करत आहोत. शिवाय रसाचा सुगंध भाजताना फारसा टिकत नाही. संत्र्याचा खरा वास सालीच्या केशरी थरातील तेलाच्या बारीक पिशव्यांमध्ये असतो.

अडचण अशी आहे की, आपला संत्रा सोलायला जितका सोपा, तितकाच किसायला अवघड आहे. परदेशी पाककृतींतील संत्रे म्हणजे मोसंबीच्या जातकुळीचे, घट्ट सालीचे फळ असते. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि मऊ, किसणीवर धरली की ती आत दबते आणि केशरी थराबरोबर पांढरा थरही निघतो, तो कडू असतो. त्यासाठी फळ सोलण्याआधीच किसावे, आणि किसण्यापूर्वी तासभर फ्रीजमध्ये ठेवावे, म्हणजे ते ताठ होते. सर्वांत बारीक भोकांची किसणी घ्यावी, हलक्या हाताने एका जागी एकदाच फिरवावी आणि फळ फिरवत राहावे. पांढरे दिसू लागले की त्या जागेवरून हात काढावा. बाजारातील चकचकीत फळांवर कधी कधी मेणाचा थर असतो; कोमट पाण्यात चोळून धुऊन, पुसून मग किसावे. वरील प्रमाणाला दोन संत्र्यांचा कीस पुरतो.

हा कीस पिठात तसाच टाकू नये. तो साखरेत घालून बोटांच्या चिमटीने दोन मिनिटे चोळावा. साखरेचे कण तेलाच्या पिशव्या फोडतात, साखर ओलसर आणि फिकट केशरी होते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. तीच साखर अंड्यांत फेटावी. बरोबर अर्धा चमचा भरडलेली बडीशेप घातली तर फारच छान. इटलीतही काही ठिकाणी बडीशेपेच्या जातीचे दाणे घालतात.

आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येतात, म्हणजे वर्षातील बराच काळ ताजी साल हाताशी असते. कीस साखरेत चोळून बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवला तर मधले महिनेही निघतात. घरोघरी उटण्यासाठी वाळवलेल्या सालींची जी पूड असते, ती मात्र बिस्कॉटीत घालू नये. एका वाचक भगिनींनी ती घातल्याचे कळवले आहे आणि परिणामाविषयी त्यांनी वापरलेला शब्द येथे छापता येणार नाही.

प्रश्न : ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का? मायक्रोवेव्हमध्ये? (एक विद्यार्थिनी, सदर)

उत्तर : कुकरमध्ये पहिली पायरी होते : तळाशी मीठ किंवा वाळू, शिटी व रबरी रिंग काढलेली, मंद आच, छोटा लॉग. दुसरी पायरी कुकरमध्ये करू नये, कारण झाकणाखाली वाफ कोंडते. काप जाड लोखंडी तव्यावर जाळी ठेवून, अगदी मंद आचेवर, न झाकता वाळवावेत. मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शनची सोय असेल तर तो ओव्हनसारखाच वापरावा. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींवर काप मधूनच करपतात.

प्रश्न : मैदा टाळायचा आहे. कणीक, ज्वारी आणि गूळ वापरून चालेल का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : अर्धी कणीक चालते. तिच्यातील कोंडा पाणी सावकाश शोषतो, म्हणून गोळा वीस मिनिटे झाकून ठेवून मग थापावा. ज्वारीच्या पिठात धरून ठेवण्याची ताकद नसते; एकूण पिठाच्या पावपटीपेक्षा जास्त घातले तर काप पडत नाहीत, चुरा पडतो. गुळाविषयी मात्र मी आपल्याला निराश करणार आहे. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो आणि त्यात स्वतःचे पाणीही असते, त्यामुळे पूर्ण गुळाची बिस्कॉटी कितीही वाळवली तरी दोन दिवसांत नरम पडते. पाव हिस्सा साखर काढून तेवढा किसलेला गूळ घालावा, चव येते आणि कुरकुरीतपणाही राहतो.

प्रश्न : मे महिन्यात केलेल्या बिस्कॉटी ताटात उघड्या राहिल्या तरी कुरकुरीत होत्या. जुलैत त्याच पद्धतीने केलेल्या संध्याकाळपर्यंत मऊ झाल्या. (एक वाचक भगिनी, धरमपेठ)

उत्तर : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा आपल्याकडील दुपारची हवा इतकी कोरडी असते की, ती बिस्कॉटीला काही देण्याऐवजी तिच्याकडूनच घेते. पहिल्या पावसानंतर उलटे होते. साखर आणि मैदा दोन्ही दमट हवेतून पाणी शोषतात. म्हणून पावसाळ्यात काप बंद ओव्हनमध्येच गार करावेत, बाहेर जाळीवर नव्हे, आणि पूर्ण गार होताच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. कोमट असताना भरले तर झाकणाला आतून दव धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. एक मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा दोन-तीन लहान बरण्या बऱ्या. मऊ पडलेल्या बिस्कॉटी टाकू नयेत. १२० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवून आतच गार केल्या की पूर्ववत होतात. लोणी नसलेल्या बिस्कॉटी नीट वाळवल्या असतील, तर बंद बरणीत तीन आठवडे सहज राहतात.

प्रश्न : वय ७४. कवळी आहे. नातीने प्रेमाने केलेली बिस्कॉटी कशी खावी? (एक ज्येष्ठ वाचक, रामनगर)

उत्तर : आपण नातीला काप एक सेंटिमीटरचेच पाडायला सांगावेत, आणि बदाम अख्खे न घालता जाडसर चिरून घालायला सांगावेत, कारण कवळीला त्रास पिठाचा नसून अख्ख्या बदामाचा होतो. चहा कडक गरम असताना काप आडवा न बुडवता उभा, टोकाकडून बुडवावा. कापलेल्या बाजूची बारीक छिद्रे चहा वर ओढून घेतात आणि आठ-दहा सेकंदांत बुडालेला भाग मऊ होतो, वरचा धरायला कडक राहतो. दूध घातलेल्या दाट चहात दोन-तीन सेकंद अधिक लागतात.